गुडघ्याचा जीर्णोद्धार

संस्कृतांतील ‘जानु’ हा शब्द फार पुरातन आहे. ग्रीक भाषेंतील ‘गोनु’, लॅटिनमधील ‘गेनु’ आणि इंग्रजींतील ‘नी’ हीं सर्व त्याचींच भावंडें होत, असें भाषाशास्त्रज्ञ दाखवून देतात. मराठीनें मात्र ‘आजानुबाहु’ या विशेषणापुरता तो शब्द राखून ठेविला आणि नित्य व्यवहारासाठीं ‘गुडघा’ पसंत केला. गुडघ्याला बाशिंग बांधण्यापासून गुडघे टेकण्यापर्यंत, म्हणजे तारुण्याच्या उतावळेपणापासून हार खाण्यापर्यंत, मनुष्याच्या किती अवस्था आपल्या भाषेनें या एका सांध्यावर बसविल्या आहेत! आणि वार्धक्यांत हा सांधा बोलूं लागला म्हणजे घरांतील देवपूजेपासून लग्नकार्यापर्यंत सर्वांचाच बेत त्याला विचारून करावा लागतो, हेंहि आपण पाहतोंच.

या झिजलेल्या सांध्याचा जीर्णोद्धार करण्याची विद्या आतां आपल्या शहरोशहरीं पोहोचली आहे. तिचें कौतुक पुष्कळ होतें व तें योग्यच आहे. परंतु जीर्णोद्धार केलेल्या देवळाचाहि कधीं काळीं पुन्हां जीर्णोद्धार करावा लागतो, आणि तो पहिल्याहून फार निराळा असतो, ही गोष्ट कुटुंबांत कोणी कोणास सांगत नाहीं. या अंकीं तिचाच विचार करावयाचें आम्ही योजिलें आहे.

निमित्त झालें एका भगिनीच्या पत्राचें. त्यांच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्यावर सहा वर्षांपूर्वीं शस्त्रक्रिया झाली. पांच वर्षें उत्तम गेलीं. पुढें तो पुन्हां दुखूं लागला. परंतु सासूबाई चार महिने बोलल्याच नाहींत. कारण काय, तर ‘मुलांनीं एवढा पैसा ओतला, आतां कोणत्या तोंडानें सांगूं?’ शेवटीं उंबरठ्यावर पाय अडखळला तेव्हां सर्वांस कळलें. थोरले चिरंजीव म्हणतात, पहिल्या डॉक्टरनें फसविलें. धाकटे म्हणतात, दुसरीकडे नेऊन ताबडतोब बदलून टाकूं. मामंजी म्हणतात, वयोमानाप्रमाणें चालावयाचेंच. ‘तिघांपैकीं कोणाचें ऐकावें?’ असा या भगिनीचा प्रश्न आहे. आमचें उत्तर, तूर्त तिघांचेंहि ऐकूं नये, असें आहे. तें कां, हें समजण्यासाठीं प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहिलें पाहिजे.

‘गुडघा बदलला’ असें आपण सहज म्हणतों. त्यावरून जुनी बिजागरी उचकटून नवी ठोकावी, तसा सबंध गुडघाच काढून टाकीत असावेत अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुस्थिति निराळी आहे. मांडीच्या व नडगीच्या हाडांचीं टोकें एका गुळगुळीत, शुभ्र आवरणानें मढविलेलीं असतात. त्यास कूर्चा म्हणतात. या कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूहि नसतात. त्यामुळें ती झिजतांना स्वतः दुखत नाहीं, आणि एकदां झिजली म्हणजे बहुधा पुन्हां भरून येत नाहीं. दुःख कळूं लागतें तें सांध्याचें अस्तर सुजल्यावर आणि खालचें हाड उघडें पडल्यावर. अशा वेळीं शस्त्रवैद्य दोन्ही हाडांच्या टोकांवरील सुमारें आठ-दहा मिलिमीटरांचा थर कापून काढतो. मांडीच्या हाडावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचें टोपण चढवितो. नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसवितो. आणि दोहोंच्या मध्यें पॉलिएथिलीन नांवाच्या अत्यंत चिवट प्लास्टिकची गादी ठेवतो. जरूर वाटल्यास गुडघ्याच्या वाटीच्या मागील अंगासहि त्याच प्लास्टिकची चकती लावतात. हें सर्व बहुधा ‘बोन सिमेंट’ नांवाच्या, भराभर घट्ट होणाऱ्या लेपानें हाडाशीं जखडलें जातें. दोन्ही बाजूंचे बळकट बंध, स्नायु आणि कातडी हीं रोग्याचीं स्वतःचींच राहतात. किडलेल्या दाताला टोपी बसवितात, त्याच्याशीं ही क्रिया पुष्कळ अंशीं जुळते.

या टोपीवर भार मात्र केवढा! सपाट जमिनीवर चालतांना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या सुमारें अडीचपट आणि जिना उतरतांना तीनपटीहूनहि अधिक जोर येतो. सांध्यांत मोजमापाचीं सूक्ष्म यंत्रें बसवून हें प्रत्यक्ष मोजलेलें आहे. म्हणजे साठ किलो वजनाची बाई चालत असतां त्या प्लास्टिकच्या गादीवर प्रत्येक पावलागणिक दीडशे किलोंचा भार पडतो.

इतकें साधण्यास विद्येला पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लुक या शस्त्रवैद्यानें इ. स. १८९० मध्यें हस्तिदंताचा कृत्रिम गुडघा बसविला होता. परंतु तो ज्या सांध्यांत बसविला तो क्षयानें पोखरलेला होता; जंतूंनीं घात केला आणि ती कल्पना मागें पडली. पुढें १९५१ च्या सुमारास स्वीडनमधील वाल्डियस यानें बिजागरीसारखा गुडघा केला. पण गुडघा ही केवळ बिजागरी नव्हे. तो वाकतांना घरंगळतो, सरकतो आणि किंचित् वळतोहि. शुद्ध बिजागरीला वळतां येत नाहीं. तेव्हां वळण्याचा सर्व पीळ हाडाशीं असलेल्या जोडावर पडे आणि जोड सैल होई. १९६८ च्या सुमारास इंग्लंडमधील राइटिंग्टन येथें काम करीत असतां फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या वैद्यानें हें मर्म ओळखून प्लास्टिकच्या खांचेंत फिरणारा धातूचा गुडघा बसविला. अखेर १९७४ मध्यें न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन रणावत यांनीं जी रचना सिद्ध केली, तिच्याच वंशांतील गुडघे आजहि बहुतेक ठिकाणीं बसवितात. यांतील डॉ. रणावत हे इंदूर येथें वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेले. पंतप्रधान अटल बिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्यें आणि उजव्यावर जून २००१ मध्यें मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाल्या, त्या याच डॉक्टरांनीं केल्या. तें वृत्त वर्तमानपत्रांतून घरोघरीं वाचलें गेलें.

आतां हा गुडघा टिकतो किती? या बाबतींत स्वीडन देशानें १९७५ पासून राष्ट्रव्यापी नोंदवही ठेवून जगाला धडा घालून दिला. कोणता गुडघा, कोणत्या सालीं, किती वयाच्या माणसाला बसविला आणि तो कधीं काढावा लागला, हें सर्व तींत लिहिलें जातें. पुढें अनेक देशांनीं तिचा कित्ता गिरविला. अशा नोंदींच्या आधारें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें, पूर्ण बदललेल्या दर शंभर गुडघ्यांपैकीं सुमारें ब्याऐंशीं गुडघे पंचवीस वर्षें टिकतात. मनुष्याच्या हातच्या किती वस्तु रात्रंदिवस वापरांत राहून इतकें दिवस तग धरतात?

परंतु या सरासरींत वयाचा भेद झांकला जातो. त्याच नियतकालिकांत २०१७ मध्यें आलेला इंग्लंडमधील अभ्यास सांगतो कीं, सत्तरी उलटल्यावर ज्यांनीं गुडघा बदलला त्यांपैकीं उरलेल्या आयुष्यांत पुन्हां शस्त्रक्रियेची पाळी शेंकडा सुमारें पांचांवरच आली. उलट पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषांत हेंच प्रमाण शेंकडा पस्तीसच्या आसपास होतें. अर्थ उघड आहे. तरुण माणूस अधिक चालतो आणि अधिक वर्षें जगतो. यास्तव बावन्न वर्षांच्या गृहस्थानें ‘एकदांचें करून मोकळा होतों’ असें म्हणणें शहाणपणाचें नाहीं. वजन उतरविणें, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत काठी धरणें, या साध्या उपायांनीं जितकीं वर्षें सुखानें काढतां येतील तितकीं काढावीं. पण सत्तरीच्या आजीबाईंना ‘अजून थोडें सोसा’ म्हणत पाय वांकडा व आंखडलेला होईपर्यंत ताटकळत ठेवणें हेंहि तितकेंच अविचाराचें आहे. कारण शस्त्रक्रियेपूर्वीं गुडघा किती वांकत होता, यावर नंतर तो किती वांकेल हें पुष्कळसें अवलंबून असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बसविलेला गुडघा बिघडतो कां? कारणें मुख्यतः चार-पांच आहेत. जंतूंचा प्रवेश होणें. जोड हाडापासून सुटून सैल होणें. प्लास्टिकची गादी झिजणें. बाजूचे बंध सैल पडून गुडघा डगमगणें किंवा उलट आंत व्रण आवळून तो ताठर होणें. आणि पडल्यामुळें धातूच्या लगतचें हाड मोडणें. यांपैकीं झीज आणि जंतु या दोहोंविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे.

गादी झिजते तेव्हां प्लास्टिकचे डोळ्यांस न दिसणारे कण सांध्यांत पसरतात. शरीरांतील भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. या अजीर्णापायीं त्या पेशी असे रस सोडतात कीं, भोंवतालचें चांगलें हाड विरघळूं लागतें. वाळवी लागलेल्या तुळईप्रमाणें बाहेरून सर्व ठीक दिसतें आणि आंत पोकळी होत जाते. म्हणून गुडघा दुखत नसला तरी शस्त्रवैद्यानें सांगितलेल्या मुदतीनें त्याचें क्ष-किरण चित्र काढवावें. हाडांतील पोकळी दुखण्याच्या आधीं चित्रांत दिसते.

या गादीचा इतिहासहि बोधप्रद आहे. पूर्वीं ती निर्जंतुक करण्यासाठीं हवेंतच गामा किरणांखालीं धरीत. पुढें काढलेल्या निकामी गाद्या तपासतां असें आढळलें कीं, किरणांनीं डिंवचलेल्या प्लास्टिकाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तें ठिसूळ बनतें. कपाटांत नुसतें पडून राहिलें तरीहि बनतें. तेव्हांपासून प्राणवायुरहित वेष्टनांत तें निर्जंतुक करण्याची चाल पडली. तरीहि २०२१ व २०२२ मध्यें अमेरिकेंतील एका उत्पादकास आपल्या पुष्कळ गाद्या परत मागवाव्या लागल्या; कारण त्यांच्या पिशव्यांत प्राणवायु रोखणारा एक थर घातलाच गेला नव्हता. अशा वेळीं ज्याच्या घरीं आपल्या गुडघ्याचा क्रमांक लिहिलेला आहे त्यालाच आपण त्यांत आहों कीं नाहीं हें कळणार. इतरांनीं केवळ काळजी करावयाची.

जंतूंची गोष्ट अधिक गंभीर आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत एक-दोघांच्या गुडघ्यांत जंतु शिरतात. कधीं ते शस्त्रक्रियेच्या वेळींच शिरतात, तर कधीं वर्षांनंतर पायाच्या जखमेंतून किंवा शरीरांतील अन्य जागेंतून रक्तावाटे येतात. धातूवर बसल्यावर ते स्वतःभोंवतीं एक चिकट आवरण विणतात. या तटबंदीच्या आंत औषध पुरेसें पोहोंचत नाहीं. तटबंदी कोंवळी असतां, म्हणजे लक्षणें सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतां, सांधा उघडून धुवून व केवळ गादी बदलून धातु वांचवितां येण्याचा संभव असतो. दिवस गेले कीं सर्वच काढावें लागतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत येथें सांगतों. आजीबाईंचा गुडघा चार वर्षें निर्वेध चालला होता. हिंवाळ्यांत टांचेला भेग पडली, ती चिघळली, आणि पुढें तीन आठवड्यांत गुडघा सुजून ऊन लागूं लागला. अंगांत कणकण आली. घरांत सर्व सुशिक्षित. कपाटांत नातवाच्या घशासाठीं आणलेल्या प्रतिजैविक गोळ्या उरल्या होत्या, त्या दिल्या. ताप उतरला, सर्वांस बरें वाटलें. आठवड्यानें पुन्हां ताप, पुन्हां गोळ्या. शस्त्रवैद्याकडे नेलें तेव्हां त्यांनीं सांध्यांतील पाणी काढून तपासावयास पाठविलें, तर त्यांत जंतु उगवलेच नाहींत! गोळ्यांनीं ते मेले नव्हते, फक्त दडले होते. कोणता शत्रु आहे हेंच कळेना, तर शस्त्र कोणतें घ्यावें? गोळ्या बंद करून, कांहीं काळ वाट पाहून, पुन्हां पाणी काढावें लागलें. या घोळांत दोन महिने गेले आणि गादी बदलून भागण्याची वेळ निघून गेली. आजीबाई आज काठी घेऊन चालतात, परंतु त्यांना दोन मोठ्या शस्त्रक्रियांतून जावें लागलें. यास्तव आम्ही आग्रहानें सांगतों कीं, कृत्रिम गुडघा सुजला व ऊन लागला तर कोणतीहि प्रतिजैविक गोळी घरच्या घरीं देऊं नये. त्याच दिवशीं शस्त्रवैद्यास गांठावें आणि सांध्यांतील पाणी काढून झाल्याशिवाय औषध सुरू करावें कीं नाहीं, हें त्यालाच ठरवूं द्यावें.

दुसरी शस्त्रक्रिया, म्हणजे पुनःशस्त्रक्रिया, ही पहिलीची पुनरावृत्ति नव्हे. पहिल्या वेळीं शस्त्रवैद्यासमोर अखंड हाड असतें. दुसऱ्या वेळीं पूर्वींचा लेप फोडून, धातु उकरून काढावा लागतो आणि त्याबरोबर थोडें हाडहि येतेंच. शिवाय झिजेनें किंवा जंतूंनीं कांहीं आधींच खाल्लेलें असतें. देवळाचा जुना चुना खरवडतांना दगडाची कोर निघते, तसेंच हें. मग तें न्यून भरून काढण्यासाठीं हाडाच्या पोकळ नळींत लांब दांडे घालावे लागतात, उणीव असेल तेथें धातूच्या पाचरी किंवा सच्छिद्र धातूचे शंकु बसवावे लागतात, आणि बंध निकामी झाले असतील तर जी बिजागरी आरंभीं टाकून दिली तिलाच पुन्हां बोलवावें लागतें. आतांची बिजागरी मात्र थोडी वळूं शकते, एवढी सुधारणा झाली आहे. वेळ अधिक लागतो, रक्त अधिक जातें, जंतूंचें भय पहिल्यापेक्षां वाढतें, आणि मिळणारें सुखहि बहुधा पहिल्याहून थोडें कमीच असतें.

कारण जंतु असतील तर पुष्कळ ठिकाणीं हें काम दोन टप्प्यांत करतात. प्रथम सर्व धातु काढून सांधा स्वच्छ करतात आणि त्या जागीं औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात. सुमारें सहा आठवडे प्रतिजैविक औषधें चालतात. आणि रोग हटल्याची खात्री पटली म्हणजे, कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं, नवा गुडघा बसवितात. जर्मनींतील हँबर्ग येथें बुखहोल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या काळांत एकाच बैठकींत काढणें व बसविणें उरकण्याची पद्धति रूढ केली. जंतु ओळखलेला असेल व हाड-मांस सुस्थितींत असेल तर तीहि उपयोगी पडते. कोणती पद्धति कोणास, हा शस्त्रवैद्याचा प्रश्न आहे. कुटुंबानें एवढें जाणावें कीं, मधले महिने घरांत एक माणूस जवळजवळ जागेवर खिळलेलें असतें आणि त्याच्या सेवेचा भार कोणा एका सुनेवर न टाकतां वांटून घेतला पाहिजे.

आतां ज्यावर घरांत सर्वांत जास्त वाद होतो त्या मुद्द्याकडे येऊं. गुडघा दुखतो, पण जंतु नाहींत, सैलपणा नाहीं, चित्र निर्दोष आहे. मग काय करावें? निरनिराळ्या देशांतील पाहणींत असें दिसून आलें आहे कीं, गुडघा बदललेल्यांपैकीं सुमारें पांचांत एक मनुष्य पूर्ण समाधानी नसतो. त्यांतील सर्वांचेंच यंत्र बिघडलेलें नसतें. कधीं दोष खुब्यांत असतो आणि दुखतो गुडघा. कधीं कण्यांतील मज्जातंतु दबलेला असतो. कधीं स्नायु अशक्त राहिलेले असतात. अशा माणसाचा गुडघा पुन्हां उघडला तर निर्दोष यंत्र काढून दुसरें निर्दोष यंत्र बसविल्यासारखें होतें आणि वेदना जागच्या जागीं राहते. कारण न सांपडतां केलेल्या पुनःशस्त्रक्रियेचीं फळें निराशाजनक असतात, हें या शास्त्रांतील जाणते एकमुखानें सांगतात.

म्हणून उपरोक्त भगिनीस आमचें सांगणें असें. थोरल्या चिरंजीवांनीं फसवणुकीचा निवाडा आधींच करूं नये; पांच वर्षें उत्तम चाललेला गुडघा हा काम नीट झाल्याचाच पुरावा बहुधा असतो. मामंजींनीं वयाकडे बोट दाखवूं नये. वय झालें म्हणून धातु दुखत नाहीं, दुखण्याला कांहीं कारण असतें. आणि धाकट्यांनीं बदलण्याची घाई करूं नये. सासूबाईंना ज्यानें शस्त्रक्रिया केली त्याच्याकडे अथवा पुनःशस्त्रक्रियेचा विशेष अनुभव असलेल्या वैद्याकडे लवकर न्यावें. जुनीं सर्व चित्रें बरोबर न्यावींत, कारण आजच्या चित्रापेक्षां पूर्वींच्या व आजच्या चित्रांतील फरक अधिक बोलतो. रक्ताची तपासणी होईल. जरूर तर सांध्यांतील पाणी काढतील. वैद्यास एकच प्रश्न विचारावा : ‘दुखण्याचें कारण काय सांपडलें?’ याचें उत्तर स्पष्ट मिळालें तर शस्त्रक्रियेस भिऊं नये. मिळालें नाहीं तर दुसऱ्या जाणकाराचें मत घ्यावें. त्यांत पहिल्याचा अपमान नाहीं.

खर्चाविषयींहि दोन शब्द. एके काळीं गुडघ्याच्या यंत्राची किंमत ही ज्याची त्याची मर्जी होती. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारच्या औषध-मूल्य प्राधिकरणानें तिला कमाल मर्यादा घातली. तेव्हां सर्वांत प्रचलित अशा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठीं, कर वगळून, ५४,७२० रुपयांचा आंकडा ठरविण्यांत आला. तत्पूर्वीं त्याचीच छापील किंमत सरासरीनें दीड लाखाच्या वर होती. तथापि ही मर्यादा यंत्राची. शस्त्रक्रियेचा व रुग्णालयाचा खर्च त्यांत धरलेला नाहीं. दुसऱ्या शस्त्रक्रियेस यंत्र, वेळ व मुक्काम हीं तिन्ही अधिक लागतात. ‘खाली मांडी घालून बसतां येईल’ अशा आशेनें महागडा गुडघा मागणारेहि भेटतात. अधिक वांकणारे म्हणून जे विकले जातात त्यांचा साध्या गुडघ्यांहून फारसा लाभ अभ्यासांत दिसलेला नाहीं. तेव्हां तो पैसा घरांत उंच शौचपात्र, न्हाणीघरांत धरावयास दांडी आणि पूजेला बेताच्या उंचीची खुर्ची व चौरंग यांवर खर्च करावा. सत्यनारायणाच्या पूजेला आजी खुर्चीवर बसल्या म्हणून पुण्य उणें होत नाहीं.

आतां गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्याजोग्या चार गोष्टी थोडक्यांत सांगतों. पहिली : शस्त्रक्रियेपूर्वीं किडलेले दात, पायाच्या जखमा आणि रक्तांतील साखर या तिहींचा बंदोबस्त करावा, आणि तंबाखू व धूम्रपान सोडावें. दुसरी : शस्त्रक्रियेनंतर रोज रात्रीं टांचा व बोटांच्या बेचक्या पाहाव्या, तेल लावावें, अनवाणी बाहेर जाऊं देऊं नये, मधुमेह असल्यास हें कटाक्षानें करावें. तिसरी : पहिल्या कांहीं महिन्यांतील व्यायाम हा औषधाइतकाच नेमानें झाला पाहिजे, लाडानें ‘आज राहूं द्या’ म्हणणें हा शत्रूचा सल्ला आहे. चौथी : रुग्णालयांतून निघतांना बसविलेल्या भागांवरील चिकटपट्ट्या, ज्यांवर उत्पादकाचें नांव, माप व तुकडीचा क्रमांक छापलेला असतो, त्या मागून घ्याव्या. पुढें कोणी गुडघा उघडलाच तर आंत काय आहे व तें काढावयास कोणतीं हत्यारें हवींत, हें त्या पट्टीवरून शस्त्रवैद्यास आधींच कळतें.

शेवटची गोष्ट वडील मंडळींसाठीं आहे. आपल्या पिढीनें सोसणें हा गुण मानला, आणि तो गुण आहेहि. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या बाबतींत चार महिन्यांचें मौन म्हणजे चार महिन्यांचें हाड. मुलांचा पैसा वांचविण्यासाठीं धरलेलें मौनच पुढें त्यांस दुप्पट खर्चांत टाकतें. तेव्हां आजींनीं दुखलें तर त्याच दिवशीं सांगावें. आणि मुला-सुनांनीं आठवड्यांतून एकदां, खर्चाचा उल्लेख न करतां, ‘आई, पाय कसा आहे?’ एवढें विचारावें. घरांतील लग्नपत्रिका, जन्मटिपणें व मिळकतीचे कागद आपण जपून ठेवतोंच. त्याच पेटींत गुडघ्याची ती चिकटपट्टी आणि क्ष-किरण चित्रेंहि ठेवावींत, व ती पेटी कोठें आहे हें घरांतील निदान दोघांस तरी माहीत असावें. या विषयासंबंधीं वाचकांच्या आणखी शंका असल्यास त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.